त्या गटाची गाय

ज्या दुष्काळात आमची दावण रिकामी झाली, त्या दुष्काळात बीड जिल्ह्यात पाण्याच्या खालोखाल एकाच गोष्टीची चर्चा होती. जिल्हा परिषदेच्या अध्यक्षपदासाठी पक्ष कुणाचं नाव पुढं करणार? बहुमत पक्षाकडं होतं, त्यामुळं पक्षाचे साहेब ज्या नावावर बोट ठेवतील ती अध्यक्ष. "ती" म्हणायचं कारण, त्या खेपेला पद महिलेसाठी राखीव सुटलं होतं. चर्चा करणारे मात्र झाडून सगळे पुरुष. त्यांच्या बोलण्यात एकाही बाईचं नाव यायचं नाही. दूध संस्थेच्या चेअरमनची मंडळी, नाहीतर साखर कारखान्याच्या डायरेक्टरची सून, एवढीच काय ती ओळख.

मी तेव्हा गुरांच्या चारा छावणीत राहत होते. पाली सोडली की धरणाच्या अंगाला, एरवी जिथं पाणी लागायचं त्याच्या काठावरच्या माळावर छावणी पडली होती. बांबू रोवून वर हिरवी जाळी ताणलेली, खाली जनावरं आणि जनावरांशेजारी माणसं. नवरा ऊसतोडीला गेला होता आणि कारखान्यांचा पट्टा पडून हंगाम संपल्याशिवाय परतणार नव्हता. सासूबाई गावात माझी लेकरं सांभाळत होत्या. बैल दिवाळीलाच विकले होते. उरली होती एक लाल कंधारी गाय, आमची तांबडी, आणि ती गाभण होती. तिला घेऊन मी आणि सासरे छावणीत आलो. सासऱ्यांना आमच्याकडं मामा म्हणतात, मीही तेच म्हणायचे. मामांच्या आजीनं माहेराहून आणलेल्या गाईची ही वेल, तेव्हापासून आमची दावण कधी रिकामी राहिली नव्हती. तांबडी इथं जगली, व्याली, तर घर जगलं असं मामा म्हणायचे, आणि मलाही तसंच वाटायचं.

छावणी चालवायची ती चेअरमनची दूध संस्था. दुष्काळात दूध आटलं, तशी संस्थेनं सरकारकडून छावणी घेतली. रिकामी बसते कशाला! चेअरमनची बायको जिल्हा परिषदेवर निवडून आलेली होती, आणि अध्यक्षपदाच्या शर्यतीत तिचं नाव होतं. तिला सगळे वहिनीसाहेब म्हणायचे.

आता मामांविषयी सांगायला हवं. या माणसाला शेतीतलं कळायचं, गुरांमधलं त्याहून जास्त कळायचं, पण त्यांचा जीव रमायचा राजकारणात. कधी कुठल्या पदावर बसले नाहीत, कुणाच्या गाडीत बसले नाहीत, तरी कुणाला तिकीट मिळणार हे सांगण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. रस्त्यावरचे फ्लेक्स ते पंचांगासारखे वाचायचे. साहेबांच्या फोटोला खेटून कुणाचा फोटो आहे, कुणाचा खाली सरकलाय, कुणाचे हात जोडलेले आणि कुणाचा हात वर. छावणीत कामच नव्हतं. सकाळी चारा टाकला, टँकर आला की हौदावर पाणी दाखवलं, की दिवस मोकळा. मग पुरुष मामांभोवती जमायचे आणि मी शेणाच्या पाट्या टाकत ऐकायचे. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, दुसरं काय!

पण एक खरं. आमच्यासाठी ती नुसती टवाळकी नव्हती. शेजारच्या दावणीला एक मेंढपाळ म्हातारे होते, त्यांच्या दोन म्हशी होत्या. ते म्हणायचे, "वहिनीसायबाला न्हाई मिळालं ना, तर दुसऱ्याच दिशी चेअरमन ही जाळी गुंडाळून नेतो का न्हाई बघ. फोटोपुरती हाय ही छावणी."

मामा उसळायचे. "आन् मिळालं तर? अध्यक्षाच्या घरची छावणी! मृग निघूस्तोवर कुणाची टाप हाय बंद करायची?"

यावर दोघांचंही एकमत होतं, म्हणून सगळ्या छावणीला वहिनीसाहेब अध्यक्ष व्हायला हव्या होत्या. इतक्या मनापासून तर त्यांच्या नवऱ्यालाही वाटत नसेल.

एक दिवस फोटो काढायला वहिनीसाहेब आल्या. फोटोग्राफर सगळ्या दावणींवरून फिरला आणि आमच्या तांबडीपाशी थांबला. दुष्काळातही ती दिसायला देखणी होती. अंगाचा रंग टिकून होता आणि डोळे गरीब. वहिनीसाहेबांनी तिच्या कपाळावर हात ठेवायचा होता, पण शिंगांना बघून त्या मागं सरकायच्या. शेवटी मी कासरा आखडून धरला. "अहो, मारकी न्हाई ती, ठेवा हात," म्हणाले, तेव्हा कुठं फोटो झाला.

फोटोग्राफर फोटो चेअरमनला दाखवायला गेला, तशी वहिनीसाहेब माझ्याजवळ सरकल्या. माझ्याच वयाच्या असतील. हळू आवाजात म्हणाल्या, "तुमचे सासरे म्हणं लई अचूक सांगत्यात. काय म्हणत्यात ते? मिळंल का मला?"

मी उलट विचारलं, "तुमाला माहीत न्हाई?"

"मला कोण सांगतंय? घरात मी चहा घेऊन गेले की बोलायचे थांबत्यात."

मी मामांना हाक मारली. मामांनी टोपी नीट केली, फ्लेक्सवरचे सगळे पुरावे मांडले आणि म्हणाले, "तुमचंच होतंय. लिहून घ्या." बाई इतकं मोकळं हसल्या की मला त्यांची दया आली. ज्या बाईला स्वतःची बातमी गोठ्यात येऊन विचारावी लागते, ती जिल्ह्याचं काय करणार होती कुणास ठाऊक.

पुढं तो फोटो जिल्हाभर लागला. बीडच्या बसस्टँडपाशी, अंबाजोगाईला कॉलेजच्या रस्त्यावर, मांजरसुंब्याच्या चौकात. वर साहेब, त्यांना खेटून वहिनीसाहेब, तांबडी आणि खाली मोठ्या अक्षरात "मुक्या जिवांची माय". कोपऱ्यात कासरा धरलेला एक हात मनगटापर्यंत दिसायचा, हिरव्या बांगड्यांसकट. तो माझा हात. मी मामांना दाखवला तर म्हणाले, "हाताला कोण इचारतंय, पोरी. फोटो बघ, सायबाला खेटून हाय."

फोटोमुळं तांबडीचं बरं चाललं. फोटोग्राफर पुन्हा येईल म्हणून तिला पेंड जास्त मिळायची, पाण्यालाही पहिला मान. कास भरायला लागली होती. व्यायला आता फार अवकाश नव्हता. मी तिच्या पोटाला हात लावून बसायचे आणि आतलं वासरू हललं की मला माझी लेकरं आठवायची.

मग पक्षाच्या सगळ्या सदस्यांना सहलीला नेल्याची बातमी आली. फुटू नयेत म्हणून नेतात तसं कुठंतरी समुद्राकाठी नेलं होतं. इकडं आम्ही टँकरची वाट बघतोय आणि तिकडं हे लाटा बघतायत. चेअरमनही बायकोबरोबर गेले. त्या आठवड्यात चाऱ्याच्या उसाची गाडी आलीच नाही. जनावरं वाळलेली चिपाडं चघळत उभी होती. मी वैतागून मामांना म्हणाले, "मामा, चारा कावून न्हाई आला, ते इचारा की कुणाला तरी."

मामा खूश होते. "अगं, चेअरमन सोता गेलेत. म्हंजी पक्कं झालं. चारा न्हाई आला ही चांगली खूण हाय."

असा हा माणूस. उपासातही त्याला शकुन दिसायचा.

पण मामांचं खरं ठरलं. पक्षानं वहिनीसाहेबांचंच नाव दिलं आणि त्या अध्यक्ष झाल्या. छावणीत गुलाल उधळला. हलगी कुठून आली कळलं नाही. मामांना चार जणांनी खांद्यावर घेतलं, जणू त्यांनीच अध्यक्ष केलं होतं. खाली उतरून मामांनी तांबडीच्या कपाळाला गुलाल लावला आणि मला म्हणाले, "आता ही हितंच व्याती बघ, राजावानी." मीही हसले. त्या दिवशी मला खरंच वाटलं की आपण तरलो. त्या उन्हाळ्यातला माझा तो एकच आनंदाचा दिवस, आणि आज त्याचाच मला सगळ्यात जास्त राग येतो.

गुलाल अजून जाळीवर होता तोच संस्थेचे सचिव आले. भला माणूस, हात जोडूनच बोलायचे. म्हणाले, "मंडळी, रविवारपासून छावणी बंद हाय. जनावरं घरी न्या."

कुणाला काही कळेना. मामा पुढं झाले. "सायेब, आता तर आपली अध्यक्ष झाली!"

"म्हणूनच तर, मामा. अध्यक्षाच्याच नवऱ्याची छावणी, सरकारी पैका. इरोधक लगेच बोट दाखवणार, तक्रारी करणार. पदाला डाग लागंल. वरून सांगितलंय, नको म्हणून."

न मिळालं असतं तर राग म्हणून बंद, मिळालं तर लाज म्हणून बंद. इतक्या दिवसांच्या चर्चेत एकाही शहाण्याच्या डोक्यात हे आलं नव्हतं, आणि मामांच्याही नाही. मेंढपाळ म्हातारे मामांकडं पाठ करून म्हशी सोडायला लागले. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

घरी न्यायचं म्हणजे मरायलाच न्यायचं. गावात माणसांना प्यायला पाणी टँकरनं येत होतं, ते गाईला कोण पाजू देणार? दुसरी छावणी होती मांजरसुंब्याजवळ, कारखान्याच्या डायरेक्टरच्या संस्थेची. त्यांची सून शर्यतीत मागं पडली होती, त्यामुळं त्यांच्या छावणीला डाग लागायची भीती नव्हती. आम्ही पहाटे निघालो. गाभण गाय आणि समोर घाट. ती चार पावलं चालायची आणि उभी राहायची. मी मागून पोटाला आधार दिल्यासारखा हात धरून चालत होते. तेवढ्यानं काय होणार, पण हात काढवत नव्हता.

त्या छावणीच्या तोंडाशी पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. तिथं नोंद घेणाऱ्या माणसानं आधी आमचं गाव विचारलं. मग तांबडीकडं बघितलं आणि हसायलाच लागला. दुसऱ्याला हाक मारून म्हणाला, "अरे ये, बघ कोण आलंय! मुक्या जिवांची माय हिच्याच डोक्यावर हात ठिवून उभी हाय ना?"

"हाय की," मामा म्हणाले. त्यांना वाटलं ओळख निघाली.

"मग जा की अध्यक्षाकडं! हिला आत घेतलं तर आमचे डायरेक्टरदादा आमालाच हाकलतील. सगळ्या जिल्ह्यानं फोटो बघितलाय. त्या गटाची गाय हाय ही."

मामांचा आवाज फाटला. "गाय काय गटाची आसती का बे? पोटात वासरू हाय तिच्या!"

त्या माणसालाही वाईट वाटलं असावं, कारण त्यानं एक बादली पाणी आणून ठेवलं. तांबडी ते एका दमात प्यायली. पण आत काही घेतलं नाही. मी हात जोडले, तोंडाला येईल ते बोलले, शेवटी शिव्याही दिल्या. पालथ्या घड्यावर पाणी.

परत फिरून चौकात आलो. तिथं सावली म्हणून एवढीच होती, ढाब्यासमोरच्या मोठ्या फ्लेक्सची. तांबडी आपल्या पायानं त्या सावलीत गेली आणि बसली. वर तिचाच फोटो होता, रंग न उडालेला, कपाळावर बाईचा हात. मी शेपटी पिरगाळली, मामांनी शिंगांना धरून ओढलं, ढाब्यावरची दोन माणसंही धावली. ती उठली नाही. डोळे मात्र तसेच गरीब, आमच्याकडं लावलेले.

दुपार कलल्यावर एक पिकअपवाला थांबला. आमच्या भागातला नव्हता. गाईभोवती एक फेरी मारून त्यानं "देता का?" असं विचारलं. मामा माझ्याकडं बघत राहिले आणि मी रस्त्याकडं. शेवटी मामांनीच मान हलवली. पाच-सहा जणांनी मिळून तिला उचलून गाडीत घातलं. कासरा माझ्या हातात होता, तो मी सोडला.

तिला कुठं नेणार, हे आम्ही विचारलं नाही. विचारायचं धाडसच नव्हतं. गाडी सुरू झाली, तसे मामा ड्रायव्हरच्या खिडकीपाशी गेले. मला वाटलं, आता विचारतील. मामांनी खिडकीच्या काठावर हात ठेवला, गाईकडं पाठ केली आणि घसा साफ करून त्या माणसाला म्हणाले,

"तुमच्याकडं आमदारकीला कुणाचं नाव चाललंय?"