सरकारी पहाऱ्यासाठी घोंगडीची खोळ

मुंबई पाहायची हौस मला कधीच नव्हती. आमच्या गावचा घोंगडी विणणारा खंडू म्हणाला, "मास्तर, चला की संगं. सायेब इंग्रजीत बोलला तर म्या काय करू?" म्हणून निघालो. बंदरावरच्या पहारेकऱ्यांसाठी डोक्यावरून पांघरायच्या पावसाळी खोळी सरकार आता विलायतेऐवजी इथल्याच लहान कारागिरांकडून घेणार, अशी बातमी होती. नमुना पसंत पडला तर खंडूचा माग चालू राहणार. नाहीतर तो लालबागला भावापाशी राहून गिरणीत लागणार. बायकोला, रखमाला, त्याने तसं सांगूनही टाकलं होतं.

पुण्याहून सकाळचीच आगगाडी धरावी, घाट उजेडात दिसतो. भाकरी घरूनच न्यावी. बोरीबंदरावरून ट्रामने एका आण्यात भायखळ्याला पोचलो, पुढे लालबागपर्यंत पायी. खंडूने नमुन्याचं बोचकं वाटभर खाली ठेवलं नाही.

दुसऱ्या दिवशी गिरगावातली कचेरी गाठली. कारकुनाने खोळीवर तांब्याभर पाणी ओतलं आणि टेबलावर चिकट, मळकट ओघळ आले.

"अहो, ही तर विरघळते आहे!"

"चिंचोक्याची खळ हाय ती," खंडू म्हणाला. "एकदा धुतली की निघती. मग पानी आत शिरत न्हाई."

"मग धुऊन का नाही आणलीत?"

खंडूने खोळीचा कोपरा मुठीत धरला. आमच्याकडे दुसऱ्याला नवी घोंगडी देतात ती कोरीच, आणि रखमाने या खोळीच्या कोपऱ्याला हळदकुंकू लावलं होतं. कारकून माणूस बरा. म्हणाला, "शनिवारी धुतलेली आणा. पण साहेब एकदाच पाहतात."

भावाच्या चाळीत परतल्यावर खंडू हटून बसला. "धुतलेली वस्तू द्याची म्हंजे मेल्याच्या अंगावरची काढून दिल्यावानी, मास्तर!" मी चिडलो, नाही नाही ते बोललो. माझ्या रागाने तो बधला नाही. दिवेलागणीला भाऊ गिरणीतून आला. केसांत कापूस, भुवयांवर कापूस. ताटावर बसल्याबसल्याच तो पेंगायला लागला. खंडू त्याच्याकडे बघत राहिला, मग खोळ उचलून नळावर गेला. पाण्यात कुंकवाचा रंग उतरला तेव्हा त्याने मान फिरवली.

वाळायला दोन दिवस लागले. तेवढ्यात प्रभादेवीपर्यंत फिरून आलो, तळलेले ताजे बोंबील खाल्ले. जाणाऱ्याने ते चुकवू नयेत. शनिवारी खोळीवर ओतलेलं पाणी घरंगळून खाली गेलं, आत थेंब नाही. साहेबाने मान डोलावली. माझ्या इंग्रजीची गरजच पडली नाही.

गावी पोचलो तर रखमा दारातच उभी. काम मिळालं का, हे तिने विचारलंच नाही. "कुकू व्हतं न्हवं देताना?"

खंडू माझ्याकडे पाहू लागला, मी आढ्याकडे. शेवटी त्याने सगळं सांगितलं.

"मंग धुतल्यावर लावायचं," ती म्हणाली. "त्यात काय येवढं?"

आम्ही दोघे पुरुष आठवडाभर ज्या ओझ्याखाली वाकलो होतो, ते तिने उंबऱ्यातच उतरवून घेतलं. मुंबईत काय पाहिलंत, असं लोक मला अजून विचारतात. मी ट्रामचं सांगतो, बोंबलांचं सांगतो. मनात मात्र गावच्या ओढ्याकाठी धुऊन वाळत घातलेल्या सरकारी खोळी असतात, आणि एकेकीच्या कोपऱ्याला बोट टेकवत जाणारी रखमा. तिच्या मागून खंडू चाललेला असतो, हातात कुंकवाचा करंडा धरून.