मिस्त्रीची पहिली चक्कर

गौतम मिस्त्री आज सकाळी परभणीत वारला. त्याच्यावर जो आळ होता, तो माझ्या एका शब्दामुळं होता.

इथं सौदीत, दम्मामला ट्रेलर बाजूला लावून लिहायलोय. सातवी नापास माणूस आहे, चुका सांभाळून घ्या.

विद्यापीठाच्या नामांतराचे दिवस होते. मी वीस वर्षांचा. पोखर्णीच्या अलीकडं आमची काळी जमीन, आणि मला एका जागी बसवत नव्हतं.

पाथरीकडं एका जुन्या जहागीरदाराच्या गोठ्यात एक विलायती गाडी पडून होती. दोनच सीट. वर टप नाही. बसलं की बूड रस्त्याला घासतंय असं वाटायचं.

मी ती विकत घेऊन, ट्रॅक्टरला बांधून गौतमकडं ओढत आणली.

जिंतूर रोडला त्याचं पत्र्याचं शेड. हैदराबादला उस्तादाच्या हाताखाली शिकलेला. माझ्याहून आठ वर्षांनी मोठा, तरी मी त्याला अरे-तुरेच करायचो. आमच्याकडं तसंच चालायचं. तो मला चेष्टेनं पाटील म्हणायचा.

बॉनेट उघडून म्हणाला, "पाटील, हे इंजिन मेलं. पार्ट हैदराबादलाबी मिळायचे न्हाईत. ॲम्बॅसॅडरचं बसवू. पन लय मोठं हाय. पोराच्या सदऱ्यात बापाला घातल्यावानी व्हईल."

"घाल की मग."

"घालतो. शिलाई उसवली तर मला बोलू नको."

दोन महिने लागले. मौंटिंग कापले. रेडिएटर पुढं सरकवला. शाफ्ट कापून लेथवर जोडला. बॉनेट बसेना, तर त्याला भोक पाडून वर पत्र्याचा उंचवटा केला. मीटरसुद्धा ॲम्बॅसॅडरचंच.

पहिल्यांदा चालू केली तेव्हा शेडचे पत्रे वाजले. मी नाचलो.

गौतम नाचला नाही. हात पुसत म्हणाला, "पळायचं काम झालं. थांबायचं ऱ्हायलंय."

ब्रेक जुनेच होते, लहान इंजिनाचे. त्याला जीपचे बसवायचे होते. सामान नांदेडहून सोमवारी येणार होतं.

आणि त्याचा एक नियम होता. इंजिनाचं काम केलेल्या गाडीची पहिली चक्कर मिस्त्रीची. पाने-पक्कड मांडीवर घेऊन तो शेजारी बसायचा. मधेच गाडी थांबवून चाकांना हात लावून बघायचा, किती तापलेत.

आमच्या घरचाही नियम होता. नवीन गाडीची पहिली चक्कर पोखर्णीला, नरसिंहापुढं नारळ.

शनिवारी आण्णा, म्हणजे माझे वडील, शेडवर आले. गळ्यात उपरणं, हातात नारळ.

गौतम म्हणाला, "आण्णा, सोमवारपत्तोर थांबा. न्हाईतर मी बसतो संगं."

"देवाला जायलोत. तुझं काय काम तिथं?"

"देवळात न्हाई येत. गाडीत बसतो."

आण्णा हसले. "सीटा दोन. मी कुठं बसू, तुज्या मांडीवर?"

शेडवरची माणसंही हसली. त्या दिवसांत गावोगाव वातावरण तापलेलं. गौतम मागं सरला.

मी स्टिअरिंगवर बसलो तसा तो माझ्या कानाशी वाकला. "चाळीसच्या वर जाऊ नको. ब्रेकाच्या भरवशावर ऱ्हाऊ नको. आईची आन."

मी मान डोलावली.

जाताना चाळीसनंच गेलो. नारळ फुटला. बॉनेटवर हार, गुलाल.

येताना रस्ता मोकळा होता.

दोनदा जोरात पळवून ब्रेक दाबले. थांबली. आण्णाही खूश झाले. तिसऱ्यांदा पुढं बैलगाडी आडवी आली आणि ब्रेक तापलेले, पायडल दगडासारखं घट्ट झालं. मी उभा राहून दाबलं. गाडी चाललीच.

बैल वाचवायला वळवली ती बाभळीवर.

माझं कपाळ फुटलं. आण्णांचा उजवा गुडघा कायमचा गेला.

माणसं जमली. "इंजिन कुणी बसवलं?" "त्या गौतमनं." "मग झालंच की. मुद्दाम केलं आसंल."

दवाखान्यात पोलीस जमादार आला. मला एवढंच विचारलं, "मिस्त्रीनं ब्रेकचं काही सांगितलं होतं का?"

आण्णा शेजारच्या खाटेवर माझ्याकडं बघत होते.

मी म्हणालो, "न्हाई."

त्याला दोन दिवस चौकीत बसवून ठेवलं. माघारी आला तर शेडचे पत्रे कुणीतरी उचकटून नेलेले. गिऱ्हाईक तुटलं. पुढं तो डिझेल पंप दुरुस्त करत हिंडला. कार म्हणून हातात घेतली नाही.

मी वर्षात गाव सोडलं. सुरत, मुंबई, मग इकडं.

एकदाच भेटला. मी सुट्टीवर होतो, परभणीच्या स्टँडवर. त्यानंच हाक मारली, "पाटील!" त्यानंच चहा सांगितला. मला वाटलं शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

कप खाली ठेवून म्हणाला, "एक विचारू? खरं सांग. स्पीड किती व्हता?"

मी म्हणालो, "चाळीस."

तो टेबलावर बोटानं काहीतरी आखत राहिला. मग म्हणाला, "चाळीसला थांबायला पायजे व्हती. मंग माझंच कुठंतरी चुकलं."

आणि उठून गेला.

तेव्हा मागं पळत जाऊन सांगायचं होतं. माझी बस लागली. मी बसमध्ये चढलो.

आज त्याच्या पोरीचा फोन आला. रडत म्हणाली, "काका, बाबा शेवटपर्यंत त्या गाडीचं चित्र काढायचे. कुठं चुकलं ते शोधायचे."

पोरी, हे तुझ्यासाठी आहे, आणि आमच्या गावच्या सगळ्यांसाठी. मोठ्यानं वाचून दाखव.

स्पीड पंच्याऐंशी होता. त्यानं मला सांगितलं होतं. आण्णांसमोर अडवलं होतं.

त्याचं काही चुकलं नव्हतं.

गौतमदादा, तुम्हाला अहो म्हणायला आज जमलं. शेवटचा जय भीम.