सुरैया आपांचा सोहन हलवा

ग्लासगोत आल्यावर अलका वाकणकरला पहिली काही वर्षं करमत नसे. नवरा शशिधर हॉस्पिटलात भूल देणारा डॉक्टर, त्याच्या ड्यूट्या आडवेळच्या. एका दिवाळीला खवा शोधत ती पोलोकशील्ड्समधल्या एका पाकिस्तानी मिठाईच्या दुकानात शिरली आणि बघता बघता तिथलीच होऊन गेली.

दुकान सुरैया आपांचं. आपा मूळच्या मुलतानच्या. नवरा वारल्यावर त्यांनी एकटीनं दुकान रेटलं. बर्फी, जिलबी, गुलाबजाम सगळं असे, पण गिऱ्हाईक यायचं ते सोहन हलव्यासाठी. मोड आणून वाळवलेले गहू दळायचे, ते पीठ दुधात आटवायचं, साखर घालायची आणि तूप पाजत तासन्‌तास ढवळत बसायचं. गोळा तांबूस-काळा होऊन तूप सोडू लागला की बदाम-पिस्ते घालून थापायचा. गार झालेली वडी दाताखाली कटकन मोडायची आणि मग जिभेवर विरघळून जायची.

अलका काउंटर सांभाळू लागली. आधी वेळ जावा म्हणून, पुढे आपांच्या ओढीनं. हलवा मात्र आपा स्वतःच ढवळत. अलका शेजारी उभी राहून तूप ओतायची, त्या ‘बस’ म्हणाल्या की थांबायची. किती, कधी, का, हे विचारायचं तिच्या मनातच आलं नाही. आपा होत्याच की.

ब्याण्णव सालच्या जानेवारीत आपा कढईपुढेच कोसळल्या. उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. शशिधरनं अलकाला समजावून सांगितलं, त्यांना बरंचसं कळतंय, पण शब्द सापडत नाहीत. काही आठवड्यांनी एक शब्द तेवढा परत आला. दूध. चहा हवा असला तरी दूध, खिडकी लावायची असली तरी दूध, ब्रॅडफर्डहून भेटायला आलेल्या मुलाला हाक मारायची तरी दूध. चुकीचा शब्द निघाला हे त्यांचं त्यांनाच कळायचं आणि त्या डोळे मिटून घ्यायच्या.

ईद जवळ आली तशी लोक हलव्याची चौकशी करू लागले. अलकानं पदर खोचला. इतकी वर्षं बघितलंय, जमेल, असं तिला वाटलं. पहिला घाणा चिवट झाला, दुसरा करपला. तिसरा बरा दिसला म्हणून ती बशी घेऊन दुकानावरच्या फ्लॅटमध्ये गेली. आपांनी तुकडा चघळला आणि नकारार्थी मान हलवली.

“दूध,” त्या म्हणाल्या.

“जास्त घालू?”

आपांनी होकार दिला.

“की कमी?”

त्यालाही होकार दिला. मग आपण दोन्हींना हो म्हणालो हे ध्यानात येऊन डाव्या हातानं त्यांनी कपाळावर मारून घेतलं.

अलका घाण्यामागून घाणे करत राहिली. आच कमी केली, तूप उशिरा घातलं, पीठ जाडसर दळलं. दर वेळी आपा उत्सुकतेनं तोंड उघडायच्या आणि दर वेळी त्यांचा चेहरा उतरायचा. काय चुकलंय ते त्यांना नेमकं ठाऊक असायचं आणि तोंडातून बाहेर पडायचा तो एकच शब्द. एकदा तर त्यांनी बशी भिरकावली. अलका खाली बसून तुकडे वेचू लागली आणि तिला रडूच कोसळलं.

“आपा, मुझसे नहीं होगा.”

आपांनी तिचा गाल कुरवाळला. “दूध,” त्या हळूच म्हणाल्या, “दूध, दूध.” या वेळी त्यांना हलव्याबद्दल काही म्हणायचं नव्हतं, एवढं अलकाला कळलं.

उन्हाळ्यात ब्रॅडफर्डहून मुलगा पुन्हा आला. मुलगा भला होता. त्यानं दुकान काढून टाकलं, आईला आपल्याकडे न्यायचं ठरवलं, आणि जाताना अलकाला ती मोठी कढई देऊन गेला. गाडीत बसवताना आपांनी अलकाचं बोट घट्ट धरून ठेवलं होतं. ते मुलाला हलकेच सोडवावं लागलं.

पुढच्या हिवाळ्यात अलकानं घरी पुन्हा हलवा केला. शशिधरनं एक वडी खाल्ली, मग दुसरी घेतली. “अगदी तोच आहे हा,” तो म्हणाला. अलकानंही तुकडा तोंडात टाकला. तोच की नाही, तिला सांगता येईना. इतक्या फसलेल्या घाण्यांची चव जिभेवर चढली होती की आपांच्या हातची मूळ चव कशी होती तेच तिला आठवेना.

खात्री करून देणारं एकच माणूस होतं. तिनं डबा भरून ब्रॅडफर्डला पाठवला. आठवडाभरानं मुलाचा फोन आला. हलवा फार छान झाला होता, पोरांनी एका दिवसात फस्त केला, असं तो म्हणाला.

“आणि आपांनी?”

“आंटी, अम्मी से अब निगला नहीं जाता,” तो म्हणाला. आपांना आता घास गिळता येत नव्हता. “सब पतला करके देते हैं.”

अलकानं ठीक आहे म्हटलं, पोरांची नावं विचारली, तिकडे बर्फ किती पडलाय ते विचारलं. बोलण्यासारखं काही उरलं नाही तेव्हा तिनं फोन ठेवला.