लेगगार्डवरची ताडपत्री

मला थांबता येत नाही. बँकेच्या रांगेत मी या पायावरून त्या पायावर होत असते. वर्गात पोरं पेपर लिहीत बसली की बाकांमधून उगाच चकरा मारते. आणि गाडीवर असले तर पुढचा टेम्पो हलेपर्यंत ॲक्सिलरेटर पिळत राहते. या शेवटच्या सवयीवरून बाबांनी मला जेवढं ऐकवलं तेवढं दुसऱ्या कशावरून ऐकवलं नसेल.

बाबा धाड ते बुलढाणा काळीपिवळी जीप चालवायचे. उजवा डोळा लहानपणीच गोफणीच्या खड्यानं गेलेला, त्यामुळे सगळी ड्रायव्हरकी एका डोळ्यावर. पॅसेंजरांना ते ठाऊक होतं आणि कुणी कधी भाडं देताना त्याचा विषय काढला नाही. पुढे त्या एकट्या डोळ्यातही मोतीबिंदू उतरला तेव्हा त्यांनी जीप विकली. त्यांची जुनी मोटरसायकल माझ्याकडे आली, कारण बुलढाण्याच्या शाळेत शिकवायला मला रोज जावं लागतं.

ती चालवायलाही त्यांनीच शिकवलं, मागच्या सीटवर बसून. "पान्यानं थंड होनारी गाडी नाही हे, बाई," ते म्हणायचे. "हवा हेच तिचं पानी." म्हणजे गर्दीत अर्धा क्लच धरून रांगायचं नाही. उभ्या गाडीवर रेस करायची नाही. खोळंबा लांबला तर बंद करायची आणि मुकाट्यानं ढकलायची. कुणी तापलेल्या इंजिनावर पाणी ओतायला आला तर आधी त्याचा हात धरायचा. मला हे सगळं तोंडपाठ होतं. वागायची वेळ आली की मात्र माझा हात ऐकत नसे.

ऑपरेशनची तारीख मिळाली ती हिवाळ्यातली. "नऊच्या आत आणा, उशीर झाला तर नाव पुढच्या यादीत जाईल," असं दवाखान्यातून सांगितलं होतं. पुढची यादी कधी लागणार ते कुणाला सांगता येत नव्हतं. डॉक्टर म्हणाले होते की मोतीबिंदू पार पिकलाय, एकच डोळा आहे, आता लांबवू नका. मी त्यांना एसटीनं जाऊ म्हटलं. पण एसटीत बसले की बाबा मागून ड्रायव्हरच्या चुका मोजतात, आणि दुसऱ्याच्या जीपमध्ये तर ते मेले तरी बसणार नाहीत. जातानाचा प्रवास मोटरसायकलवर ठरला.

आदल्या दिवशी संध्याकाळी ते ओट्यावर गाडीशी काहीतरी खुडबुडत होते. मी गेले तर त्यांनी जीपच्या हुडाच्या ताडपत्रीचा एक तुकडा पायांपुढच्या लेगगार्डला आडवा बांधला होता. जीप विकताना तेवढाच त्यांनी काढून ठेवला होता. बुलढाण्याकडे चढताना सकाळी गुडघे गारठतात, अशी तक्रार मी कधीतरी केली होती, ती त्यांनी लक्षात ठेवलेली. नजर नाही, म्हणून सुतळीच्या गाठी हातानं चाचपून चाचपून मारलेल्या. "पाहून घे बरं, घट्ट आहे का," म्हणाले. मी ओढून पाहिलं. चांगलीच घट्ट होती. मला तेव्हा एकदम भरून आलं, म्हणून मी आत निघून गेले.

सकाळी आम्ही आमच्या खेड्यातून साडेसहालाच निघालो आणि धाडपर्यंत मजेत आलो. तिथे आठवडी बाजार. त्यात सिमेंट रस्त्याच्या कामासाठी एक बाजू खोदून ठेवलेली, आणि राहिलेल्या बाजूवर कापसानं फुगलेला एक टेम्पो आडवा अडकलेला. दोन्हीकडून जीपा, ट्रॅक्टर, हातगाड्या येऊन भिडल्या होत्या. आम्ही पहिल्या गिअरवर इंचाइंचानं सरकत होतो. मी घड्याळ बघत होते आणि रेस करत होते.

"रेस नको करू," मागून आवाज.

"कुठं करून राह्यली मी?"

"मले ऐकू येते."

पुन्हा थोड्या वेळानं त्यांनी माझ्या खांद्यावर बोट टेकवलं. "आवाज जड झाला. बंद कर. तिले दम लागून राह्यला."

मला काही तसं वाटत नव्हतं. "बंद केली अन् पुन्हा लागली नाही तर? नऊला पोहोचायचं आहे, बाबा," मी जवळजवळ खेकसलेच. आणि पन्नास पावलांवर गाडी आपली आपणच बंद पडली. किक दगडासारखी घट्ट झाली होती. खालून करपल्यासारखा वास येत होता आणि मला रडू यायचं तेवढं बाकी होतं.

आम्ही उतरलो. मी हँडल धरून ढकलू लागले आणि बाबा मागचा कॅरिअर धरून चालू लागले. त्यांना पुढचं काही दिसत नव्हतं, मी जिकडे नेईन तिकडे येत होते. आठ वाजायला आले होते. पंक्चरवाल्या चाचांचं दुकान आलं तिथं गाडी कडेला घेतली. शेजारचा चहावाला मदतीला म्हणून पाण्याचा मग भरून घेऊन आला. पाणी हिंदकळल्याचा आवाज ऐकूनच बाबा म्हणाले, "ओतू नको रे बाप्पा. तडा जाईन इंजिनाले." तो बिचारा मागं सरला.

चाचा उकिडवे बसले. त्यांनी एकदा इंजिनाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि हळूच म्हणाले, "ताई, हे कोनं बांधलं? हवाच बंद करून टाकली इंजिनाची."

मी खाली पाहिलं. ताडपत्री लेगगार्डच्या वरच्या दांडीपासून पार पायापर्यंत होती. इंजिनापर्यंत वारा यायला बोटभर फट नव्हती. मला आधी बाबांचा राग आला. जन्मभर हवा हवा करणाऱ्या माणसानं हे करावं? मग स्वतःचा आला, कारण डोळे मला होते आणि गाठी ओढून पाहिल्या होत्या त्याही मीच. बाबा चार पावलांवर, दुकानाच्या खांबाला धरून उभे होते. मी ओठांवर बोट ठेवलं. चाचांनी मान हलवली, गाठी सोडल्या आणि ताडपत्रीची घडी माझ्या पिशवीत घातली.

"काय झालतं?" बाबांनी विचारलं.

"काही नाही. गर्दीनं तापली होती."

"हाव," ते म्हणाले.

इंजिन निवायला पंधरा मिनिटं दिली. तेवढा वेळ मी हात मागं बांधून उभी राहिले, कारण हात मोकळे असते तर मी किक मारलीच असती. सव्वाआठला गाडी लागली, टेम्पोही एकदाचा निघाला. पुढचा सगळा रस्ता थंडी गुडघ्यांवर आपटत होती आणि मागून एकही सूचना आली नाही. मला ते फार जड गेलं. दवाखान्यात शिरलो तेव्हा यादीतली नावं पुकारायला नुकतीच सुरुवात झाली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी काढली. डॉक्टरांनी बोटं मोजायला लावली, बाबांनी बरोबर मोजली. धुळीत जायचं नाही म्हणून त्यांना एसटीनं न्यायला भाऊ आला होता, आणि मी एकटी गाडीवर निघणार होते. काळा चष्मा लावून बाबा फाटकापर्यंत आले आणि गाडीजवळ थांबले. चष्म्याआडून बराच वेळ पाहत राहिले.

"ताडपत्री कुठं आहे?"

"सैल झाली होती. काढून ठेवली."

"आठ गाठी मारल्या होत्या मी." मग म्हणाले, "चाचा हळू बोलत होता. पर मोतीबिंदू काय कानात होता माह्या?"

"मंग बोलले काऊन नाही?" मी विचारलं.

"काय बोलू? मले वाटलं, डोळ्यासंगं गाडीचं समजनंही गेलं आपलं. रातभर तेच चालू होतं डोक्यात." ते इंजिन पाहायला वाकू लागले. डॉक्टरांनी वाकायचं नाही म्हणून बजावलं होतं, मी त्यांना दंडाला धरून सरळ केलं.

"काढ ते ताडपत्री," ते म्हणाले. "एकटी जाशीन, थंडी लागन तुले."

मी पिशवीतून ती काढली, दुमडली आणि बांधायला खाली बसले. ते वरून पाहत होते.

"एवढी खाली नको," बाबा म्हणाले. "अजून वर घे. इंजिन दिसलं पाह्यजे मले."