पाणी फिरेपर्यंतचा पिक्चर

जाळ्यात मासळीबरोबर बाकीचंही बरंच काही येतं. शेवाळ, शिंपले, नारळाची करवंटी, एकदा तर कुणाच्या तरी डाव्या पायातली चप्पल आली! मासळी बाजारात जाते. बाकीचं आमच्या मांडवाच्या कोपऱ्यात पडून राहतं आणि एक दिवस बघावं तर त्याचा ढीग झालेला असतो. आमच्या पिक्चरच्या गोष्टींचं तसंच झालं आहे. मी स्वतः बोलणारा माणूस नाही. शाळा चौथीतच सुटली, तेव्हापासून मामाच्या होडीवर आणि जाळ्यांवर आहे. पण जाळी शिवताना हात गुंतलेले असतात, कान मोकळे असतात.

आमच्या कोळीवाड्यात झावळ्यांचा एक मांडव आहे. उधाणाच्या दिवसांत तो रिकामा असतो, कारण सगळे समुद्रावर. अष्टमी जवळ आली की भांग लागतो, भरती-ओहोटीचा जोर कमी होतो आणि जाळ्यांत काही सापडत नाही. मग आम्ही दोनच कामं करतो. जाळी शिवतो आणि पिक्चर बघतो.

पिक्चर खाडीपलीकडे. तिथल्या बंदरावर एका शेठची भाताची गिरणी आहे, आजूबाजूला वस्ती नाही. भात विकून गोदाम रिकामं झालं की शेठ तिथं पडदा लावायचा. दुपारी तीनचा खेळ. बघणारे सगळे खाडीकाठच्या गावांतले, होड्यांनी येणारे. आणि ओहोटी लागली की आमच्या बाजूला नुसता चिखल उघडा पडतो, होडी लागत नाही. म्हणून पाणी फिरलं की आम्हाला होडीने खाडीपलीकडे नेणारे बाळाकाका गोदामाच्या दारातून ओरडायचे, "पानी फिरलं रं!" आणि सगळं गोदाम उठायचं. पडद्यावर नायक मरत असला तरी!

पाण्याची वेळ तिथीप्रमाणे बदलते. त्यामुळे चतुर्थीला अर्धा पिक्चर मिळायचा, पंचमीला थोडा जास्त, षष्ठीला पाऊण. सप्तमी-अष्टमीला वेळ बरोबर जमायची, पण भांगाचं पाणी इतकं थोडं की होडी हलायचीच नाही. तेव्हा कुठल्याच पिक्चरचा शेवट आमच्यापैकी कुणी कधी बघितलेला नव्हता.

*

एकदा माझा मित्र गणा आणि हिराकाकी यांचं मांडवात कडाक्याचं भांडण लागलं. हिराकाकी डोक्यावर पाटी घेऊन सुकी मासळी विकते आणि तिच्या जिभेला धार आहे.

"त्यो थोरला भाऊ म्हंजे देवमानूस!" काकी म्हणाली. "धाकट्याला शिकवतोय, आईचे पाय चेपतोय. सगळ्यांनी बगायसारका पिक्चर हाय."

"देवमानूस?" गणा जाळं टाकून उठला. "काकी, त्यानं आईला घराबाहेर काढली! मी माज्या डोल्यांनी बघितली!"

"तुजे डोले फुटले!"

"तुज्या डोल्यांवर पाटी व्हती काय?"

मामा हा आमचा तांडेल, म्हणजे होडीचा मुख्य. तो तोंडात दोरा धरून ऐकत होता. त्याने दोरा काढला आणि विचारलं, "हिरे, तू कंदी गेलतीस?"

"चवथीला."

"आन् गण्या, तू?"

"षष्ठीला."

मामाने दोरा परत तोंडात धरला. "मंग भांडताव कशाला? मानूस दोन तिथींत बिघडला!"

त्या दिवसापासून आमच्याकडे पिक्चरची शिफारस तिथीसकट होऊ लागली. "पंचमीला बघ, बरा हाय. षष्ठीला जाऊ नको, रडत येशील."

*

गोदाम पत्र्याचं. जुने खिळे निघून पत्र्याला भोकं पडलेली. दुपारचं ऊन त्यांतून आत यायचं आणि पडद्यावर चांदण्या पडायच्या. सूर्य खाली सरकला की चांदण्या हळूहळू वर चढायच्या. नायिका गाणं म्हणायला लागली की एखादी चांदणी तिच्या हनुवटीवरून निघून गाल चढत कपाळापर्यंत जायची. तिथं ती पोचली की सगळ्या गोदामाचा श्वास अडकायचा. मला तर अजून स्वप्नात पिक्चर दिसला तर त्या चांदण्यांसकट दिसतो.

गणा एकदा मुंबईला त्याच्या बहिणीकडे गेला. तिथं त्याने आमच्याकडे बघितलेलाच पिक्चर मोठ्या थेटरात बघितला. मऊ खुर्ची, वर पंखे! तो परत आला तेव्हा आम्ही सगळे त्याच्याभोवती जमलो. आमच्या गावातला हा पहिला माणूस, ज्याने पिक्चर शेवटपर्यंत बघितला होता.

"कसा वाटला रं?" मामाने विचारलं.

गणाचं तोंड पडलेलं. "फिका. तिच्या गालावर चांदनीच न्हवती."

"बरं, पन शेवटाला काय झालं?"

"शेवटाकडं ध्यान व्हतं कुनाचं?" गणा म्हणाला. "मी चांदनीच शोधत व्हतो!"

*

शेवट कुणालाच ठाऊक नाही म्हटल्यावर ज्याचा त्याचा शेवट. मामाच्या शेवटात कुणीतरी बुडायचं. पिक्चर डोंगरातला असला तरी! गणाच्या शेवटात मारामारी. हिराकाकीच्या शेवटात लग्न, सासऱ्याने जावयाचे पाय धुण्यापासून जेवणावळीत काय काय होतं तिथपर्यंत.

काकी पाटी घेऊन आत भातशेतीच्या गावांत जायची. दारात पाटी उतरवली की सुकटीबरोबर पिक्चर. तिकडच्या बायांना पिक्चर बघायला कोण सोडतं? त्या काकीकडूनच ऐकायच्या, सूप हातात धरून, चुलीवरचं ऊतू जाईपर्यंत. अर्धा सांगून झाला की काकी पाटी उचलायची. "बाकीचा पुडल्या खेपेला. तवा बोंबील आनीन."

एका घरची सून माहेरपणाला मुंबईला गेली आणि तिथं तिने तोच पिक्चर बघितला. पुढच्या खेपेला ती दारातच उभी. "काकी, तुम्ही सांगितलं लग्न झालं. कुठलं लग्न? ती तर जोगीण झाली!"

काकीच्या तोंडून हे ऐकताना आम्हाला वाटलं, आता ती सापडली. काकीने बोंबलांवरच्या माश्या हाकलल्या आणि शांतपणे म्हणाली, "झाली आसंल बाय. मी सांगितला तवा ताजा व्हता. मुंबैपत्तुर जाता-जाता काय ऱ्हातंय?"

*

बाळाकाकांनी मात्र एकही पिक्चर बघितलेला नाही. ते गोदामाच्या दारात उभे राहायचे खरे, पण पडद्याकडे पाठ करून. नजर खाडीवर. तिथी कळली तरी पाणी नेमकं केव्हा फिरेल याचा नेम नसतो. आतून गाणं यायचं, रडणं यायचं, घोड्यांच्या टापा यायच्या आणि काका पाण्याकडे बघत उभे.

तरीही पिक्चरबद्दल गावात शेवटचा शब्द त्यांचाच. कुणी विचारलं, "काका, ह्यो बघू का?" तर ते विचार करून सांगायचे, "बघ. चांगला हाय."

एकदा मी धीर करून विचारलं, "काका, तुम्हाला न बघता कसं कळतं?"

"होडीत कळतंय," ते म्हणाले. "वाईट पिक्चर आसंल तर लोक येताना बडबडतात. चांगला आसंल तर कोन बोलत न्हाय."

ते खरं आहे. काही संध्याकाळी आम्ही परत यायचो तेव्हा नुसता वल्ह्याचा आवाज. पाणी तांबूस झालेलं, बगळे घरी चाललेले. होडीतला प्रत्येकजण आपापला शेवट करत बसलेला. हिराकाकीसुद्धा गप्प! मागच्या टोकाला काकांची मुलगी यमुना वल्हं धरून उभी असायची. ती वडिलांच्या मदतीला यायची आणि काका दारात असताना आत बसून पिक्चर बघायची. अशा वेळी मी पाण्यात पडलेल्या तिच्या सावलीकडे बघायचो. तिच्याकडे बघायचा धीर नव्हता.

मांडवात सगळे आपलं मत सांगायचे. मग मला विचारायचे, "तुजं काय मत रं, दत्तू?" आणि मी खाली बघून गाठ मारायचो. मामा म्हणायचा, "ह्याला इचारू नका, गाठ सुटंल!"

*

गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात मुंबईहून यमुनेला मागणी आली. मुलगा गोदीत कामाला, स्वतःची खोली. माणसं चांगली होती, त्यात मला खोड काढता येईना. काकांनी मुलीला विचारलं. ती म्हणाली, "सांगते." पण सांगेना. मागणी घेऊन आलेली मुलाची मावशी उत्तरासाठी काकांच्याच घरी मुक्कामाला राहिली.

त्याच दिवसांत गोदामात एक पिक्चर लागला. डोंगरातल्या एका लहानशा स्टेशनाची गोष्ट. तिथं एक मुलगी राहते. पूल बांधायला शहरातून एक इंजिनिअर येतो, हुशार, हसरा. आणि स्टेशनात कंदील लावणारा एक माणूस असतो, तो पिक्चरभर काहीच बोलत नाही. इंजिनिअर तिला म्हणतो, माझ्याबरोबर चल. ती गाठोडं घेऊन बाकावर येऊन बसते. लांबून गाडीची शिटी ऐकू येते. कंदीलवाला खांबाशी उभा.

"पानी फिरलं रं!"

त्या संध्याकाळी होडीत कुणी बोललं नाही. काकांनी किनाऱ्यावर उतरल्यावर सांगून टाकलं, "लई चांगला पिक्चर हाय."

दुसऱ्या दिवशी मांडवात मामाने पूल कोसळवून इंजिनिअरला बुडवला. हिराकाकीने त्या मुलीचं लग्न इंजिनिअरशी लावलं. "कंदीलवाला काय खायला घालंल? तेल?" सगळे हसले. मी गाठ मारत होतो. तेवढ्यात यमुना वल्ह्याला दोरी मागायला आली आणि माझ्याशेजारी वाकून हळूच म्हणाली, "आज तू शेवटपर्यंत थांब. बाईमानसाला थांबता येत न्हाय. ती गाडीत बसली का न्हाय, येवडंच मला सांग. मंग मी बाबांना काय ते सांगते."

मी मान हलवली.

त्या दिवशी मशीन अडलं आणि खेळ तासभर उशिरा सुरू झाला. पाणी फिरलं, काका ओरडले, गोदाम उठलं. मी बसून राहिलो. यमुना दारातून एकदा मागे वळली आणि गेली. मोठ्या गोदामात मी एकटा. पडद्यावर ती मुलगी बाकावर येऊन बसली. शिटी झाली. एक चांदणी तिच्या खांद्यावरून चढत होती. मी इतका पुढे सरकलो होतो की पडद्याला हात लागला असता. आणि एकदम सगळा पडदा पांढरा झाला.

मागे शेठ मशीन बंद करत होता. मला बघून तोच दचकला. "अरे, तू गयो नथी?"

"शेठ, शेवट?"

"छेल्लो डबो? तो आपण आणतोच नाय," शेठ म्हणाला. "पहिल्या वरसे आणलेला. कोण बसतेय इथे? समदे उठून जातात! मग खाली-पीली ओझा कशाला?"

मी भाताच्या भुशावर पडून उजाडायची वाट बघितली. डोळ्यांसमोर तो पांढरा पडदा.

सकाळी ओहोटी पुरती लागली तेव्हा मी चिखलातून चालत निघालो. असं कुणी करत नाही, पाय खेचला गेला तर माणूस राहतो. पण होडीला दुपारपर्यंत पाणी नव्हतं, आणि मावशी दुपारी उत्तर घेऊन निघणार होती. मधल्या धारेतून पोहलो. पुन्हा चिखल. खाडी सगळी उघडी, चकचकीत, आणि तिच्यात मी एकटा. समोर मांडवातले सगळे उठून काठाशी आलेले दिसत होते. पिक्चर बघावा तसे ते माझ्याकडे बघत उभे होते.

काका आणि यमुना काठाला लावलेल्या होडीतलं पाणी उपसत होते. मी मांडीपर्यंत चिखलाने माखून तिच्यासमोर उभा राहिलो.

"बसली?" यमुनेने विचारलं.

"ठाव न्हाय," मी म्हणालो. "शेवटचा डबाच ते आनत न्हाईत."

यमुनेची मान खाली गेली. मी निघायला हवं होतं, पण पाय उचलेना. चिखल वाळायला लागला होता.

"पन माजं मत इचारशील," मी म्हणालो आणि माझा आवाज मलाच अनोळखी वाटला, "तर तिनं बसू नये."

यमुनेने वर बघितलं. मग तिने वडिलांकडे बघितलं. बाळाकाका बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिले. पाण्याकडे बघायचे तसंच, घाई न करता. मग त्यांनी उपसायचा डबा विसळला, बाजूच्या घागरीतलं गोडं पाणी त्यात भरून घेतलं, होडीतून खाली उतरले आणि वाकून माझ्या पायांवर ओतलं. आधी उजव्या, मग डाव्या.

आणि हिराकाकीने, जन्मात पहिल्यांदाच, पुढे काय झालं ते कुणाला विचारलं नाही.