शालनच्या आवाजातली चाळीस नवी वाक्यं

असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही, हे आधी लिहून टाकते. या सदरातले अनुभव मी जेवणानंतर करमणूक म्हणून वाचते आणि बहुतेकांना मनातल्या मनात कारण लावून मोकळी होते — वारा, उंदीर, ताप, कमी झोप. माझ्या स्वतःच्या अनुभवाला मात्र गेलं वर्षभर कारण लावता येत नाहीये... म्हणून लिहायला बसले. घडलं तसं, क्रमाने.

मी डिचोलीत राहते. वय बावन्न, हायर सेकंडरीत कॉम्प्युटर शिकवते. मला याद्या करायची सवय आहे. किराणा, औषधं, कुठली किल्ली कुठल्या डब्यात. नवरा म्हणतो, "हिच्याकडे याद्यांचीसुद्धा यादी आहे." खोटं नाही, आहे.

नोकरीशिवाय मी आणखी एक काम करते, बिनपगारी. एक ओपन सोर्स ऑपरेटिंग सिस्टीम आहे — कुणीही फुकट घ्यावी, उघडून बघावी, बदलावी अशी. तिच्यातली हजारो पॅकेजेस, म्हणजे सुटे सुटे प्रोग्रॅम, जगभरचे स्वयंसेवक सांभाळतात. सांभाळणं म्हणजे नवी आवृत्ती आली की आपलं पॅकेज तिच्यात चालतंय ना ते बघायचं, तक्रारी सोडवायच्या, आत कुणाचं काय आहे आणि कुणाची परवानगी आहे ते नीट लिहून ठेवायचं. माझ्याकडे सात पॅकेजेस आहेत. त्यातलं एक म्हणजे मराठी आवाज. पडद्यावर जे लिहिलेलं असेल ते हा आवाज वाचून दाखवतो.

हा आवाज शालनचा.

शालन माझ्या शाळेत मराठी शिकवायची. माझी मैत्रीण. आमच्या वर्गात तेव्हा पुंडलिक नावाचा मुलगा होता, जन्मापासून दिसत नसलेला. त्याच्यासाठी म्हणून अकरा वर्षांपूर्वी आम्ही दोघींनी हे काम काढलं. मी सहाशे वाक्यांची यादी केली. मराठीतले सगळे ध्वनी येतील अशी, अर्थाशी फारसं देणंघेणं नसलेली. शालनने ती एकेक करून वाचली. त्या रेकॉर्डिंगचे बारीक तुकडे करून, जोडून, कॉम्प्युटर मग हवं ते बोलू शकतो. डिचोलीत घराजवळून ट्रक जायचे, म्हणून आम्ही शालनच्या घरी, लाटंबार्सेत रेकॉर्डिंग केलं. भाताच्या खोलीत. चारी बाजूंनी पोती रचलेली असली की आवाज घुमत नाही, हा शोध तिचाच.

चार वर्षांपूर्वी शालन आजारपणात गेली. आवाज चालू राहिला. पुंडलिक आता पणजीला एका कचेरीत मराठी पत्रव्यवहार बघतो. रोज डिचोलीहून बस, आणि दिवसभर कानात शालन.

आता माझी चूक. आवाज तयार झाल्यावर मी माझ्या यादीत शेवटची ओळ लिहिली होती — "कच्ची रेकॉर्डिंग पुसणे, डिस्क भरली आहे." आणि पुसून, टिकमार्क करून मोकळी झाले. तयार आवाज हातात होता, कच्चं कशाला हवं? गेल्या वर्षी नवी आवृत्ती यायची होती आणि जुना तयार आवाज तिच्यात चालेना. मूळ रेकॉर्डिंगवरून पुन्हा बांधायला हवा होता. दुसऱ्या देशातल्या एका काटेकोर स्वयंसेवकाने तक्रार नोंदवली, "मूळ कुठे आहे? नसेल तर पॅकेज नव्या आवृत्तीतून वगळावं लागेल." मुदत तीन आठवड्यांची. वीस वर्षं विद्यार्थ्यांना बॅकअप शिकवणारी मी!

त्याच संध्याकाळी पुंडलिकचा फोन.

"मॅडम, आवाज जातलो म्हणतात तो खरा?"

"तुला कुणी सांगितलं?"

"तक्रार उघड्यावर आसा, मॅडम. मी वाचली. म्हणजे तिनाच माका वाचून दाखवली." तो हसला. "पुढच्या म्हयन्यात ऑफिसातली सगळी मशीनां नवी करतले. आवाज नसलो तर माका स्टुलार बसयतले. फायली राखूक. साहेब चांगले आसत, काढचे नाय... पण नुसता बसान काय करू?"

मी म्हटलं, नवं रेकॉर्डिंग करते. माझ्या आवाजात.

"तुमच्या?" तो म्हणाला. "म्हणजे सरकारी पत्रां हजेरी घेतल्यासारखी आयकू येतली."

एप्रिलमधल्या एका रविवारी सकाळी साडेदहाला मी लाटंबार्सेला पोचले. लॅपटॉप, माइक, हेडफोन, पेन्सिल आणि छापील यादी. यादीत जुनी सहाशे वाक्यं होती आणि मी त्याच आठवड्यात घातलेली चाळीस नवी — ओटीपी, क्यूआर कोड, "तुमचं खातं तात्पुरतं बंद आहे" असली. अकरा वर्षांपूर्वी हे शब्द आमच्या तोंडी नव्हते.

शालनचे यजमान विसूभाऊ अंगणात काजूच्या बिया पसरत होते. बोंडांचा तो गोड-आंबूस वास सगळ्या आवाराला आला होता. त्यांनी मला ग्लासभर नीरो, बोंडांचा ताजा रस, दिला, भाताच्या खोलीचं दार उघडलं आणि म्हणाले, "जनेल लावून घे गो. कोंबो मधीच आरडता."

मी खिडकी लावून बसले. काम सोपं होतं. पडद्यावर वाक्य येतं, बटण दाबायचं, वाचायचं, बटण दाबायचं. फाइल आपोआप नंबराने साठते. कागदावर टिक. पुढचं वाक्य.

"बैल ओढ्यापलीकडे उभा आहे." टिक. "धाकट्या बहिणीला ढोकळा आवडत नाही." टिक. "घंटा वाजली की झाडाखाली या."

असं शंभरेक वाक्यं वाचली की काय होतं, ते ज्याने केलंय त्यालाच कळेल. एका वाक्याचा दुसऱ्याशी संबंध नसतो. बैल, बहीण, घंटा, ओढा... मन काही धरायला बघतं आणि काहीच हाती लागत नाही, मग तेही सोडून देतं. कौलांत एक काच होती. तिच्यातून पडलेला उन्हाचा चौकोन पोत्यांवरून हळूहळू सरकत होता. भाताचा कोरडा, ऊबदार वास. बाहेर विसूभाऊ फावड्याने बिया सारख्या करत होते, त्याची खरखर लांबून, पाण्याखालून आल्यासारखी. मला झोप येत नव्हती. उलट इतकं जागं मी कधी नव्हते. फक्त वाचण्याचे कष्ट पडेनासे झाले. आवाज आपणहून निघत होता आणि मी तो ऐकत बसले होते, जशी अकरा वर्षांपूर्वी तशाच पोत्याला टेकून, मांडीवर यादी घेऊन बसले होते. खूप बरं वाटत होतं. ते संपू नये असं वाटत होतं, एवढं आठवतं.

मग पडद्यावर "सहाशे चाळीसपैकी सहाशे चाळीस" असं आलं. उन्हाचा चौकोन भिंतीवर चढला होता. पावणेचार वाजले होते. जेवायची आठवणही झाली नव्हती. कागदावर सगळे टिकमार्क माझ्याच हातचे, सरळ रांगेत.

बाहेर आले तर विसूभाऊ पायरीवर बसलेले.

"जुना लावलेलंस मगे?" ते म्हणाले. "बरा वाटला आयकून. मी म्हटलं, ह्या पुसून गेलेला ना?"

"जुनं नाही भाऊ. मी वाचत होते."

"होय?" ते म्हणाले. मग बिया सारख्या करायला उठले. "पेज आसा थोडी. खाऊन जा."

घरी येऊन रेकॉर्डिंग लावलं. पहिलं वाक्य मी. पन्नासावं मी. दोनशेवं मी. तीनशेवं शालन.

मधली शंभर वाक्यं मी चारदा ऐकली. कुठून बदलतं ते सांगता येत नाही. दोनशे चाळीसला मी आहे असं वाटतं, पण श्वास घ्यायची पद्धत तिची. दोनशे साठला ती आहे, पण घाई माझी. पुढे मात्र नुसती शालन. प्रश्न संपताना किंचित हसणारी, लांब वाक्याआधी घसा न खाकरता एक क्षण थांबणारी.

मग मी माझ्या पद्धतीने लागले. जुन्या फाइल्स मिसळल्या? पुसलेल्या होत्या, आणि या फाइल्सवर तारीख-वेळ त्या दिवसाची. तयार आवाज चुकून रेकॉर्ड झाला? तयार आवाजाला श्वास नसतो. शिवाय पाठीमागे त्या दिवशीची फावड्याची खरखर ऐकू येते, आणि एकदा खिडकी लावूनही विसूभाऊंचा तो कोंबडा. मी नकळत तिची नक्कल केली? शाळेतल्या दोन सहकाऱ्यांना काही न सांगता ऐकवलं. एकीच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, "शालनबाईंचं तुझ्याकडे अजून आहे?" आणि सगळ्यात शेवटी ती चाळीस नवी वाक्यं. "तुमचा ओटीपी कुणालाही सांगू नका." शालन गेली तेव्हा ही वाक्यं मी लिहिलीही नव्हती. ती तिने म्हटली होती, वर्गात गलका वाढला की म्हणायची त्या सुरात.

मुदतीला सहा दिवस उरले होते आणि आता खरी अडचण उभी राहिली. पॅकेजमध्ये एक फाइल असते. आवाज कुणाचा, कधी घेतला, कुणाच्या परवानगीने, हे त्यात लिहावं लागतं. त्या फाइलमध्ये मी आजवर खोटा शब्द लिहिलेला नाही. माझं नाव घालायचं तर आवाज माझा नाही. शालनचं घालायचं तर तारीख... जुनी तारीख ठोकून दिली असती तर कुणाला कळलंही नसतं. पण मग उद्या त्या फाइलीतल्या कुठल्या ओळीवर कुणी का विश्वास ठेवावा?

दोन दिवस मी डिचोलीच्या घरी खिडक्या बंद करून पुन्हा पहिल्यापासून वाचलं. माझा आवाज, स्वच्छ, कामचलाऊ. पुंडलिकला फोनवर ऐकवला. तो म्हणाला, "चलात, मॅडम." आदराने म्हणाला. तो इतक्या आदराने माझ्याशी कधीच बोलत नाही.

शेवटी मी लाटंबार्सेला गेले. वारस म्हणून परवानगी विसूभाऊंचीच लागणार होती. हेडफोन त्यांच्या कानाला लावले आणि ती चाळीस वाक्यं सुरू केली. ते मान खाली घालून ऐकत होते. "क्यूआर कोड स्कॅन करा" आलं तसे एकदम हसले.

"तिका ह्या खंय ठावक होता?"

"नव्हतं, भाऊ. म्हणूनच विचारायला आले. नाव कुणाचं घालू?"

"वाचला कोणी?"

मी ते वाक्य पुन्हा लावलं.

"तिणां वाचला मगे," ते म्हणाले. इतकं सरळ, की जणू मीच काहीतरी अवघड करून ठेवलं होतं. "तर तिचा नाव घाल. आणि तारीख खरी ती घाल. तुका खोटा कोणी सांगलाहा लिवाक?"

तसंच लिहिलं. आवाज शालनचा, पूर्ण नावानिशी. ठिकाण लाटंबार्से. तारीख त्या रविवारची. परवानगी पतीची, खाली त्यांची सही. पहिली तीनशे वाक्यं वगळली. दोनशे माझी होती, पुढची शंभर नक्की कुणाची ते मला लिहिता येत नव्हतं, आणि उरलेल्यांत काम भागत होतं. मुदतीच्या आदल्या दिवशी दुपारी पॅकेज चढवलं. तो काटेकोर स्वयंसेवक प्रत्येक ओळ तपासतो. माझ्या एका जुन्या पॅकेजमधला एक जास्तीचा स्वल्पविरामही त्याने परत पाठवला होता. मी उत्तराची वाट बघत बसले. शालन त्या तारखेच्या आधीच गेलेली आहे हे त्याला कळायला एक ईमेल पुरेशी होती.

त्याचं उत्तर दोन ओळींचं आलं. मूळ मिळालं, सगळं नीट आहे. तक्रार बंद.

पुढच्या महिन्यात पुंडलिकच्या कचेरीतली मशीन्स बदलली. तो स्टुलावर बसला नाही. संध्याकाळी बसमधून त्याचा फोन आला. मी त्याला यातलं काही सांगितलं नव्हतं, आजपर्यंत सांगितलेलं नाही. नवं रेकॉर्डिंग झालं, एवढंच त्याला ठाऊक.

"बरोबर चालतंय ना?" मी विचारलं.

"चलता. पण मॅडम, काय तरी बदललां."

"काय?"

मागे कंडक्टर पर्वरी, पर्वरी ओरडत होता. "पयली ती वाचायची," तो म्हणाला. "आता माका सांगता."

याचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. वाचकांपैकी कुणाकडे असेल तर जरूर कळवा. फक्त वारा आणि उंदीर नकोत, ते मी तपासले आहेत.

आता विसूभाऊंचा महिन्यातून एकदा फोन येतो. काजूचं, भाताचं बोलतात, गुडघ्याचं बोलतात, आणि ठेवायच्या आधी सहज विचारल्यासारखं विचारतात, "नवी वाक्यां झाली काय गो?"

"अजून नाही, भाऊ," मी सांगते. खरं तर भाताच्या खोलीत न्यायच्या यादीत छत्तीस झाली आहेत.