भिंग घेऊन नारूच्या विहिरीवर

मुंबईच्या वैद्यकीय शाळेत मी विद्यार्थ्यांना सूक्ष्मदर्शक दाखवायचं काम करतो. राहायला ठाण्याला, कोपरीत. नारूचा जंतू पाण्यातल्या एका बारीक किड्याच्या पोटात वाढतो आणि ते पाणी प्यायलेल्या माणसाच्या अंगात जातो, हे आमच्या वर्गात शिकवून झालं त्याला बरीच वर्षं लोटली. पण माझ्या गल्लीत अजूनही लोक नारूला दैवाचा कोप म्हणतात. एके दिवशी मी गोऱ्या प्रोफेसरसाहेबांकडे तीन दिवसांची रजा आणि एक जुना सूक्ष्मदर्शक मागितला. ते म्हणाले, "भिंग फुटलं तर तुम्ही मुंबईत परतू नका." ही परवानगीच होती.

चैत्र महिना होता. सकाळच्या गाडीनं कल्याणला निघालो. कुणाला असलं नाजूक सामान न्यायचं असेल तर सांगतो, तिसऱ्या वर्गात पेटी बाकाखाली ठेवू नका, मांडीवरच घ्या. खाली लोकांचे पाय, कोंबड्या आणि मडकी असतात. मुंब्र्याच्या बोगद्यात धूर आत आला तेव्हा मी पेटीवर उपरणं टाकलं आणि स्वतः खोकत बसलो. समोरचे गृहस्थ म्हणाले, "देव आहेत का पेटीत?"

कल्याणला मुलींच्या शाळेत प्रयोग ठेवला होता. गावातले वकील, व्यापारी, दोन वैद्य आले होते. मी तळ्याचं पाणी आणलं, खिडकीतलं ऊन आरशावर घेतलं आणि बघायला लागलो. शेवाळाचे धागे होते. दुसरा थेंब, तिसरा थेंब. ज्याच्यासाठी आलो तो किडा काही सापडेना. अर्ध्या तासानं वकीलसाहेबांनी घड्याळ काढलं. "यंत्र सुरेख आहे," एवढं बोलून ते उठले आणि त्यांच्यामागे सगळी खोली रिकामी झाली. कान तापले होते माझे.

मागे एकटी शाळेची मास्तरीणबाई उरली, गोदूबाई. विशीबाविशीच्या. त्यांनी विचारलं, "मी पाहू?" बराच वेळ पाहिलं. मग पाटी घेऊन शेवाळाचा धागा असा हुबेहूब काढला की आमचे विद्यार्थी लाजावेत.

"हे काम बायकांना शिकता येतं का हो?" त्यांनी विचारलं.

"मुंबईला आता काही मुली शिकतात," मी म्हणालो. "इंग्रजी लागतं. रसायन लागतं."

"इंग्रजी थोडं येतं. रसायन म्हणजे काय ते येत नाही." मग त्या म्हणाल्या, "पण तुम्ही पाणी चुकीचं आणलंत. नारूचं पाणी डोंबिवलीकडे आहे. तिथल्या एका आगरी गावात येसूबाई म्हणून आहेत, नारू काढतात. आमच्याकडे तांदूळ घेऊन येतात, त्यांनीच सांगितलंय."

दुसऱ्या दिवशी त्याही माझ्याबरोबर निघाल्या, त्या आपल्या सासूबाईंना घेऊनच. सासूबाई गाडीत बसताच म्हणाल्या, "मी बरोबर असले म्हणजे लोकांची तोंडं बंद. आणि मलाही बघायचंय काय ते." फराळाला दशम्या आणि लसणीची चटणी त्यांनीच आणली होती.

डोंबिवलीला आता आगगाडी थांबते. तिथून बैलगाडी, आणे दोन. वाट भातखाचरांतली, ढेकळांची. पेटी मी दोन्ही हातांनी धरून बसलो होतो. चाकं उडाली की सासूबाई मला धरत होत्या.

येसूबाई अंगणात एका माणसाचा पाय मांडीवर घेऊन बसल्या होत्या. घोट्याजवळच्या जखमेतून पांढऱ्या दोऱ्यासारखा नारूचा जंत बाहेर आलेला. तो त्या काडीवर गुंडाळत होत्या, रोज बोटभर. ओढला तर तुटतो आणि पाय सडतो. इतका हलका हात मी आमच्या शस्त्रवैद्यांचाही पाहिला नाही.

मी आल्याचं कारण सांगितलं तशी त्यांनी मान वर केली. "मांगं येक सायब आलता. म्हनला इहीर बुजवा. खारीचं गाव हाय आमचं, पियाचं गोरं पानी या येकाच इहिरीला. तू बुजवाया आला आसशील तं आल्या वाटंनं जा."

माणसं गोळा झाली होती. कुणी हसत नव्हतं.

"बुजवायला नाही आलो," मी म्हणालो. "पाण्यात काय आहे ते तुम्हांला दाखवायला आलोय. बघून तुम्हीच ठरवा."

विहीर पायऱ्यांची. घडाभर पाणी आणलं आणि मी थेंब पाहू लागलो. पाणकिडे होते, भरपूर, टुणटुण उड्या मारणारे. पण त्यांच्या पोटात काही दिसेना. डोळ्यांतून पाणी यायला लागलं तेव्हा गोदूबाई बसल्या. ऊन कलायला आलं होतं. मी मनात म्हटलं, कालचाच प्रकार होणार.

"अहो," त्या हळूच म्हणाल्या, "याच्या आत कुणीतरी वेटोळं घालून बसलंय. हलतंय!"

मी पाहिलं. तोच होता.

मग येसूबाईंनी डोळा लावला. "मेल्या," त्या जंतूलाच म्हणाल्या, "यवरासा आसतोस व्हय! आन् मना वरीसभर दमवतोस." उठून माझ्याकडे वळल्या. "नारूवाला पाय जलतो, म्हून मानूस पायरीवर जाऊन पान्यात बुरवतो. गार पानी लागलं का जखम दुधासारखं सोरते. मी लई येला बगितलंय. यो मेला त्या दुधातूनच जातो का किऱ्याच्या पोटात?"

आमच्याकडे पुस्तक होतं. ते दूध रोज डोळ्यांसमोर पाहणारी बाई इथे होती. तिला अर्धं माहीत होतं, आम्हांला अर्धं.

"हो," मी म्हणालो. "तिथूनच."

सासूबाईंनी पिशवीतलं धुतलेलं लुगड्याचं धडपं काढलं, चौघडी केली आणि घड्यावर धरली. गाळलेलं पाणी पुन्हा भिंगाखाली घेतलं. एकही किडा नाही. गावातल्या प्रत्येकानं पाळीपाळीनं बघितलं, काहींनी दोनदा. ठरवलं मात्र येसूबाईंनीच. नारूवाल्यानं पायरी उतरायची नाही, त्याचं पाणी शेजाऱ्यानं काढायचं, आणि घड्याच्या तोंडाला फडकं बांधल्याशिवाय कुणी प्यायचं नाही. विहीर राहिली.

मुंबईला येऊन मी सगळं साहेबांना सांगितलं. गोदूबाईंनी विहिरीवर कागदावर काढलेलं त्या किड्याचं चित्र साहेबांनी वर्गात लावलं, खाली बाईंचं नाव घालून. येसूबाईंचं निरीक्षण मी शिकवताना सांगितलं तेव्हा एका विद्यार्थ्यानं विचारलं, "हे कुठल्या पुस्तकात आहे?" मी उत्तर दिलं, "डोंबिवलीजवळच्या एका आगरी बाईंनी सांगितलंय. लिहून घ्या."

नारू अंगात वर्षभर वाढतो, म्हणून खरं काय ते कळायला यंदाचा चैत्र यावा लागला. गेल्या आठवड्यात पुन्हा गेलो. गोदूबाई आणि सासूबाई होत्याच. गोदूबाईंचं आता रसायनाचं पहिलं पुस्तक संपलंय, आणि सासूबाई त्यांच्याकडून पाठ म्हणवून घेतात. येसूबाई अंगणात भात पाखडत होत्या. यंदा नारूचे दोनच पाय आले, दोन्ही दुसऱ्या गावचे.

"डाक्तर, धंदा बुरवलास माजा," त्या म्हणाल्या. हसल्या, मग सूप बाजूला ठेवलं. "आता बसून काय करू? पोरांना पावसालीत हिवताप येतो. त्याचं भिंगातून काय दिसतं, त्ये शिकव."

कोपरीला परतताना खाडीवरचा वारा अंगावर घेत मी तेच घोळवत होतो. हिवतापाचं आम्हांलाही अजून पुरतं कळलेलं नाही, हे मी त्यांना सांगितलं होतं. ते ऐकून त्या खूश झाल्या होत्या.

"मंग बरं," म्हणाल्या. "संगंच बगू."